राहूला पोट नाही

२०२५ च्या गणपतीतली गोष्ट. दुपारची जेवणं उरकली होती, उकडीच्या मोदकांनी सगळ्यांचे डोळे जड झाले होते आणि आम्ही पुरुष मंडळी पडवीत सतरंजीवर आडवी होऊन नेहमीप्रमाणे जगाचे प्रश्न सोडवत होतो. (बायका मागील दारी भांडी घासत होत्या. हे कंसात लिहिलं असलं तरी पुढे कामाला येणार आहे. लक्षात असू द्या.)

विषय आजारपणांवर आला. आमचा आतेभाऊ अण्णा काठी मांडीवर घेऊन आरामखुर्चीत बसला होता. त्याच्या आजारपणाबद्दल पुढे सांगतोच. त्याच्याकडे बघून आमचा भाचा (बंगलोरला कॉम्प्युटरमध्ये आहे, हुशार आहे आणि ते त्याला माहीतही आहे) म्हणाला, "अरे मामा, अजून पन्नास वर्षांनी ही कटकटच राहणार नाही. शेवटी माणूस म्हणजे काय? त्याचा मेंदू. हार्ट म्हणजे पंप, किडनी म्हणजे फिल्टर. सगळी सपोर्ट सिस्टीम. मेंदू बाहेर काढून त्याला नीट रक्त आणि ऑक्सिजन देत राहिलं की झालं. शरीर हवंय कशाला?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी म्हणालं, "सांधेदुखी तरी सुटेल!" हशा झाला. अण्णा हसला नाही. तो आपल्या डाव्या टाचेकडे बघत होता.

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. मला उत्तरं नेहमी पाहुणे एस.टी.त बसल्यावर सुचतात. हे उशिरा सुचलेलं उत्तर आहे. भाचा हा ब्लॉग वाचतो (निदान वाचतो असं सांगतो), तर बाबा रे, शेवटपर्यंत वाच आणि मग भांड.

आधी त्याची बाजू मांडतो, नाहीतर म्हणेल मामाला विज्ञानातलं काही कळत नाही. हे खूळ नवीन नाही आणि नुसतं सिनेमातलंही नाही. १९५४ साली मॉस्कोत डेमिखोव नावाच्या सर्जनने एका लहान कुत्र्याचं डोकं आणि पुढचे पाय मोठ्या कुत्र्याच्या मानेवर बसवून दाखवले. १९७० साली अमेरिकेत क्लीव्हलंडला रॉबर्ट व्हाइट यांनी एका माकडाचं डोकं दुसऱ्या माकडाच्या धडावर लावलं. ते माकड शुद्धीवर आलं, त्याला दिसत होतं, ऐकू येत होतं, चावायलाही धावत होतं. मात्र मज्जारज्जू जोडता न आल्यामुळे मानेखाली सगळं लुळं. २०१९ साली येल विद्यापीठातल्या लोकांनी कत्तलखान्यातून डुकरांची डोकी आणली, मरून चार तास झाल्यावर त्यांच्या मेंदूंत पंपाने एक खास द्रव फिरवला आणि सहा तास पेशींचं बरंचसं काम पुन्हा सुरू झाल्याचं दाखवलं. २०२३ मध्ये टेक्सासच्या डॉक्टरांनी भूल दिलेल्या डुकराच्या मेंदूचा रक्तपुरवठा उरलेल्या शरीरापासून तोडून काही तास यंत्रावर चालवला. आणि ॲरिझोनात अल्कोर नावाची संस्था आहे, ती मेलेल्या माणसांना अतिथंड तापमानात जपून ठेवते, कोणी कधीतरी जिवंत करेल या आशेवर. तिथे नुसतं डोकं ठेवायचीही सोय आहे.

येलच्या त्या प्रयोगातली एक गोष्ट मात्र भाच्याने सांगितली नाही. त्या द्रवात मेंदूपेशींचे विद्युत्संदेश दाबून टाकणारं औषध मुद्दाम घातलेलं होतं. आणि चुकून जाणिवेची काही खूण दिसलीच तर ताबडतोब शांत करता यावं म्हणून भुलीची तयारी ठेवलेली होती. तशी वेळ आली नाही. पण बघा, ज्यांनी हे यंत्र केलं त्यांना ज्या गोष्टीची धास्ती होती, नेमकी तीच गोष्ट आमच्या भाच्याला हवी आहे. बरणीतला जागा मेंदू.

या संशोधनाला माझा विरोध नाही. अर्धांगवायू झालेल्याचा मेंदू आणखी तासभर वाचवता आला तर त्या लोकांच्या पायांचं तीर्थ घेईन. माझं भांडण आहे ते "शेवटी माणूस म्हणजे मेंदू" या वाक्याशी. हे वाक्य शास्त्राचं नाही. शास्त्राचा शर्ट घातलेली ती एक जुनी सवय आहे.

हे वाक्य इतकं खरं का वाटतं? मला वाटतं, त्याचं एक कारण कायद्यात आहे. १९९४ साली आपल्याकडे अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला. तो सुरुवातीला ज्या तीन राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते (तिसरं हिमाचल). मस्तिष्कस्तंभ मेला तर माणूस मेला, हृदय यंत्रावर धडधडत असलं तरी, हे त्या कायद्याने मान्य केलं. चार डॉक्टरांनी, किमान सहा तासांच्या अंतराने, दोनदा तपासून सही करायची. अतिशय चांगला कायदा. अवयवदान करा, मी फॉर्म भरलेला आहे.

पण यातून लोकांनी भलताच अर्थ काढला. मेंदूशिवाय माणूस नाही, हे खरं. म्हणून नुसता मेंदू म्हणजे माणूस? आमसुलांशिवाय सार होत नाही. म्हणून कोणी वाटीत चार आमसुलं वाढून "घ्या, सार घ्या" म्हणालं तर आपण काय म्हणू? एखादी गोष्ट नसली की सगळं संपतं, याचा अर्थ ती एकटी असली की सगळं असतं असा होत नाही. एवढा साधा तर्क बंगलोरच्या पगारात बसत नाही काय?

आता पंप आणि फिल्टरचं बघू. मेंदू साधारण चौदाशे ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, आणि खातो एकूण ऊर्जेच्या वीस टक्के. घरातला लाडोबाच म्हणा. पण तो लाडोबा रिकामा बसून विचार करत नसतो. पोटातून, हृदयातून, फुप्फुसांतून त्याच्याकडे सतत निरोप येत असतात. व्हेगस नावाची जी मोठी नस मेंदू आणि पोट-छातीला जोडते, तिच्यातले बहुतेक धागे वरून हुकूम नेणारे नाहीत, खालून खबर आणणारे आहेत. भूक, धाप, पोटात पडलेला गोळा, भीतीने सुटलेला घाम, या मेंदूला फावल्या वेळात मिळणाऱ्या बातम्या नव्हेत. त्याच्या विचारांचा कच्चा माल तोच.

हा माल बंद केला तर काय होतं, तेही माहीत आहे. १९५० च्या दशकात कॅनडात मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या मंडळींनी प्रयोग केला. कॉलेजच्या पोरांना दिवसाला वीस डॉलर द्यायचे, काम एकच, पडून राहायचं. डोळ्यांवर धुरकट चष्मा, हातांना पुठ्ठ्याच्या नळ्या, कानांत एकसुरी घरघर. त्या काळी वीस डॉलर भरपूर होते. तरी दोनतीन दिवसांपलीकडे फारसं कोणी टिकलं नाही. विचार सुटायला लागले, नसलेली चित्रं दिसायला लागली. ही धडधाकट पोरं होती, शरीर शाबूत, खाणंपिणं वेळेवर. फक्त बातम्या कमी केल्या होत्या.

आणि हात तुटलेल्या माणसाला तुटलेलाच हात दुखतो, हे तर आपण गावोगाव ऐकलेलं असतं. डॉ. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात त्यावर आरशाची पेटी काढली. नसलेल्या हाताची मूठ वळून राहिलेली आणि नखं रुतताहेत असं ज्यांना वाटायचं, त्यांतल्या काहींना आरशात दुसऱ्या हाताचं प्रतिबिंब बघून मूठ सोडवता आली. म्हणजे हात गेला तरी मेंदूतला हात जात नाही. आता नुसता हात नव्हे, सगळंच शरीर गेलं अशी कल्पना करा. पाठ, पोट, घसा, पावलं, सगळं नसलेलं आणि सगळं जाणवणारं. आणि आरसा बघायला डोळे नाहीत.

आता अण्णाची गोष्ट. त्याची परवानगी घेऊन लिहितोय. तो म्हणाला, "लिही, पण मला संत करू नको."

अण्णा रत्नागिरीला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. बाहेरून आलेल्या गाडीचा आवाज फाटकातच ऐकून बिघाड सांगायचा अशी त्याची ख्याती. निवृत्तीनंतर मुलाकडे पुण्याला, सिंहगड रोडच्या बाजूला राहायला गेला. जानेवारी २०२५ मध्ये त्या भागात काय झालं ते आठवत असेल. गुलेन बारे सिंड्रोम, म्हणजे पेपरात रोज यायचा तो जीबीएस. पुणे परिसरात दोनशेच्या वर संशयित रुग्ण. दूषित पाण्याकडे बोट गेलं, रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. जंतूशी लढता लढता शरीराची फौज चुकून स्वतःच्याच नसांवर तुटून पडते असा तो आजार. मेंदूला काही होत नाही. मेंदूपासून हातापायांकडे जाणाऱ्या तारा मात्र तुटतात.

अण्णाला आधी जुलाब झाले. मग एका सकाळी पायांना मुंग्या. दुसऱ्या दिवशी जिना चढवेना. चौथ्या दिवशी श्वास घेता येईना म्हणून व्हेंटिलेटर, पुढे घशाला भोक पाडून नळी. चेहरासुद्धा हलेना. हलत होती ती फक्त पापणी. एकतीस दिवस.

मी पुण्याला गेलो तेव्हा तिथले मोठे डॉक्टर (हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, तो या लेखाचा विषय नव्हे) कॉटपाशी उभं राहून आम्हाला म्हणाले, "मेंदू एकदम शाबूत आहे. बाकी सगळं मशीन बघतंय. काळजीचं कारण नाही." आम्हाला केवढा धीर आला! आम्ही मागे वळलो आणि अण्णाच्या उशापाशीच बिलाचं बोलायला लागलो. मेडिक्लेम किती, इंजेक्शनं कितीची, गावची कलमं विकायची वेळ आली तर कोणाला विचारायचं. मीही बोललो. मेंदू शाबूत आहे हे दोन मिनिटांपूर्वी ऐकलेलं असूनसुद्धा. कारण न हलणाऱ्या, न बोलणाऱ्या शरीरात कोणी आहे हे आपल्या लक्षातच राहत नाही. हे माझ्या हातून झालं, आणि मी अण्णाला चार दशकांहून जास्त ओळखतो. मग बरणीचं काय सांगावं?

वहिनींनी एक युक्ती काढली. कालनिर्णयच्या एका पानामागे मोठ्या अक्षरांत बाराखडी लिहिली. त्या एकेका अक्षरावर बोट ठेवायच्या, पाहिजे ते आलं की अण्णा पापणी मिटायचा. पहिल्या दिवशी आम्ही सगळे भोवती उभे. आता हा काय बोलणार? मुलाचं नाव? देवाचं नाव? वहिनींच्या तर डोळ्यांना धारा. अर्धा तास गेला आणि शब्द तयार झाला, "खाज".

मग पुढची पंधरा मिनिटं, "डावी टाच".

वहिनींनी टाच खाजवली. नंतर त्यांनी नर्सला विचारून खोबरेल आणलं आणि रोज दोन्ही तळव्यांना चोळायला लागल्या. अण्णा आज सांगतो, "त्या एकतीस दिवसांत मी माणूस होतो तो त्या दहा मिनिटांत. बाकीचा वेळ डोकं चालू होतं, आणि तेच वाईट होतं. थांबवायला काही नव्हतं रे. एरवी डोकं फिरलं तर आपण उठून पाणी पितो, अंगणात जातो, कोणाला तरी शिवी देतो. तिथे नुसताच विचार. गिअर न्यूट्रलमध्ये आणि ॲक्सिलरेटर खाली दाबलेला. गाडी जाग्यावर, इंजिन जळतंय."

तुला बरणीतल्या मेंदूचं वर्णन हवं होतं ना भाच्या? हे घे. एका मेकॅनिकने दिलेलं आहे. आणि त्याच्याजवळ तर शरीर होतं. टाच होती, खाज होती, ती खाजवणारं माणूस होतं.

अठराव्या दिवशी अण्णाने आणखी एक शब्द दिला. "पुरे."

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. मुलगा म्हणाला, "बाबांना तेल पुरे म्हणायचं असेल." आम्ही सगळ्यांनी घाईघाईने ते मान्य केलं. वहिनींनी कालनिर्णय मिटून पिशवीत ठेवलं आणि त्या दिवशी पुन्हा काढलं नाही.

पुढे अण्णा बरा झाला. अजून काठी लागते, बोटं नीट मिटत नाहीत, पण मोदक पाच खाल्ले. मी त्याला विचारलं, "आम्ही तेव्हा ऐकलं नाही ते बरं केलं ना?" त्याने बराच वेळ घेतला. म्हणाला, "तुम्ही ऐकलं नाहीत म्हणून मी आज आहे, हे खरं. पण तुम्ही ऐकलं नाहीत, हेही खरं."

या दोन वाक्यांत माझ्या लेखाच्या विरुद्ध एक मुद्दा आहे, हे मला कळतं. त्याचं ऐकलं असतं तर तो आज नसता. जीबीएसमधून बरीच माणसं बाहेर येतात आणि डॉक्टरांना ते माहीत होतं, म्हणून थांबणं योग्यच होतं. पण थांबणं योग्य असलं तरी त्याला उत्तर देणं आमचं कर्तव्य होतं. "अण्णा, कळलं आम्हाला. डॉक्टर म्हणतात अजून महिना. तेवढा दम काढ," एवढं तरी. आम्ही ऐकू न आल्याचं सोंग केलं. पापणी होती म्हणून निदान सोंग करावं लागलं. बरणीत पापणीही नाही. तिथला मेंदू "पुरे" म्हणाला तर पंपाच्या आवाजाशिवाय काही ऐकू येणार नाही.

आम्हा रत्नागिरीकरांना हा मुद्दा समजायला जड जाऊ नये. आमच्या गावात १९२४ ते १९३७ सावरकर स्थानबद्ध होते. त्यांच्या राजकारणाबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं असेल, इथे तो वाद नको. पण फेब्रुवारी १९६६ मध्ये त्यांनी अन्न आणि औषध थांबवलं आणि २६ तारखेला देह ठेवला. त्याआधी आत्महत्या आणि आत्मार्पण यांतला फरक त्यांनी लिहून ठेवला होता. विचारांनी त्यांच्यापासून शंभर कोस दूर असलेले विनोबा, तेही कोकणातलेच, गागोद्याचे. त्यांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला तेच केलं. दोघांनी बरोबर केलं की चूक, हा प्रश्न वेगळा. पण दोघांना ते करता आलं, कारण नाही म्हणायला दोघांजवळ तोंड होतं. प्रायोपवेशन करायलासुद्धा पोट लागतं. बरणीतल्या मेंदूला उपास करता येत नाही. त्याचं अन्न त्याच्या तोंडाने जात नाही, दुसऱ्याच्या नळीने जातं. इतका पराधीन कैदी काळ्या पाण्यावरही नव्हता.

उलट बाजूही महाराष्ट्राने पाहिली आहे. अरुणा शानबाग. कारवारच्या बाजूची, हळदीपूरची मुलगी, मुंबईला के.ई.एम. मध्ये नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला, मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर ती ४२ वर्षं त्याच हॉस्पिटलात पडून होती. १८ मे २०१५ ला गेली. तिच्या बाबतीत मेंदू मोडला होता आणि शरीर राहिलं होतं. भाच्याच्या हिशेबाने तिथे काहीच शिल्लक नव्हतं. पण सर्वोच्च न्यायालयासाठी डॉक्टरांनी तिला तपासलं, तेव्हा माणसांची गर्दी झाली की ती आवाज करते आणि हळुवार हात फिरवला की शांत होते, असं त्यांनी नोंदवलं. इतकी वर्षं बिछान्यावर पडून तिला एक शय्याव्रण झालेलं नव्हतं. झालं नाही, कारण पिढ्यान् पिढ्या नर्सेसनी तिला कुशीवर वळवलं, पुसलं, भरवलं. तिला तसं ठेवावं की जाऊ द्यावं यावर पिंकी विराणी एका बाजूला आणि त्या नर्सेस दुसऱ्या बाजूला. ७ मार्च २०११ च्या निकालाने नर्सेसचं ऐकलं आणि त्याच निकालात उपचार थांबवण्याची वाटही काही अटींवर उघडली. माझं स्वतःचं मत पिंकी विराणींच्या बाजूचं होतं, अजूनही आहे. पण त्या त्वचेला हात कळत होता, हे मी नाकारू शकत नाही.

कोणी म्हणेल, स्टीफन हॉकिंगचं काय? तो मेंदूवरच जगला ना? नाही हो. तो गालाच्या एका स्नायूवर जगला, खुर्चीवर जगला, मुलाबाळांत जगला, आणि त्याला उचलणाऱ्या, भरवणाऱ्या, पुसणाऱ्या माणसांवर जगला. शरीर जितकं कमी उरतं, तितका माणूस कमी होतो असं मी अजिबात म्हणत नाही. जितकं कमी उरतं, तितकं उरलेलं मोलाचं होतं. एका पापणीवर अण्णाचा सगळा संसार चालला होता.

आता कंसातल्या बायकांकडे येऊ.

"शरीर म्हणजे सपोर्ट सिस्टीम" असं कोण म्हणतं? ज्याची सपोर्ट सिस्टीम दुसरं कोणीतरी चालवतं तो. पडवीत लोळणाऱ्यांनाच शरीर फालतू वाटतं. मागील दारी जिच्या कमरेत भांडी घासून कळ आली आहे, तिला तसं वाटत नाही. आपल्या समाजाने डोक्याचं काम वर आणि हाताचं काम खाली अशी उतरंड शतकानुशतकं रचली आणि तिला धर्माचं नाव दिलं. आता तीच उतरंड शास्त्राच्या नावाने पुन्हा रचली जाते आहे, एवढाच फरक. आमच्या कलमांवर घळ घेऊन चढणाऱ्या गड्याला कुठला आंबा तयार आहे हे कोणी पुस्तकात शिकवलेलं नाही. त्याचा हात सांगतो, देठाचा ताण सांगतो, पायाखालची फांदी सांगते. अण्णाला इंजिनातला बिघाड कानांनी आणि बोनेटवर ठेवलेल्या तळव्याने कळायचा. हा विचार नव्हे तर काय आहे?

आणि एक साधा व्यवहार विचारतो. तुझ्या त्या बरणीतलं पाणी बदलणार कोण? लाईट गेली (आमच्याकडे पावसाळ्यात जातेच) तर जनरेटर सुरू करायला कोण धावणार? पहाटे तीन वाजता नळीत गुठळी झाली तर कोणाचे हात लागणार? पगारावर ठेवलेल्या कोणा मुलीचे. म्हणजे तू मेंदू होऊन अमर, आणि ती शरीर होऊन तुझी पाळी करणार. स्वतंत्र मेंदू म्हणे! हा तर इतका परतंत्र आहे की परतंत्र असल्याचंही त्याला दिसणार नाही, कारण डोळे काढून ठेवलेत.

आपल्या पुराणांत या प्रश्नाची दोन्ही उत्तरं आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. वेताळ पंचविशीत दोन माणसांची डोकी आणि धडं अदलाबदल होतात. खरा नवरा कोणता, असं वेताळ विचारतो आणि विक्रम सांगतो, ज्याला नवऱ्याचं डोकं तो. भाच्याची बाजू. त्याच कथेवरून गिरीश कार्नाडांनी 'हयवदन' लिहिलं (मराठीत ते आपल्या कोकणातल्याच चिं. त्र्यं. खानोलकरांनी आणलं), आणि त्यात डोकी जिंकतात खरी, पण शरीरांच्या आठवणी त्या डोक्यांना सुखाने जगू देत नाहीत. आणि ज्याच्या पुढ्यात बसून आम्ही हा वाद घातला तो मखरातला देव? त्याचं तर डोकंच बदललेलं. भाच्याच्या नियमाने तो पार्वतीचा मुलगा नव्हेच, मुलाचं धड लावलेला हत्ती आहे. पण आईने त्याला मुलगाच म्हटलं आणि आपण दरवर्षी तिचंच ऐकतो.

नुसतं डोकं जिवंत राहिलं असा आपल्याकडे एकच प्रसिद्ध आहे. राहू. अमृताचा घोट घशाखाली उतरायच्या आत चक्राने मान तुटली. डोकं अमर झालं. आणि त्या अमरपणाचं तो काय करतो? सूर्यचंद्रामागे धावतो, गिळतो, आणि गिळलेलं घशातून बाहेर पडतं. कारण खाली पोट नाही. पुन्हा धावतो. ज्याने कोणी ही गोष्ट रचली त्याने एकाही डुकराला हात न लावता प्रयोगाचा निष्कर्ष लिहून ठेवला आहे.

असो. फार चिडून लिहिलं. नातेवाईक मंडळींसाठी एक कामाची सूचना देऊन थांबतो. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने आपल्या उपचारांबद्दलचं इच्छापत्र आधी लिहून ठेवायला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. आता मॅजिस्ट्रेटकडे खेटे नकोत, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मी माझं केलं आहे. कपाटात वरच्या कप्प्यात, एल.आय.सी.च्या फायलीखाली. एक प्रत भाच्याकडे पाठवली आहे, मुद्दाम. बरं होण्याची आशा नसताना नुसतं शरीर चालू ठेवू नका, असं त्यात आहे. नुसता मेंदू ठेवू नका असंही लिहायचं होतं, पण वकील म्हणाले, त्याची सध्या गरज नाही. मी म्हटलं, आमच्या भाच्याला तुम्ही ओळखत नाही.

आणि दोन्ही थोडं थोडं शिल्लक असेल, तर बाराखडी लिहून आणा. मी जे म्हणेन ते कदाचित तुम्हाला करता येणार नाही. चालेल. पण ऐकलंत एवढं तरी मला कळू द्या. कालनिर्णय मिटून पिशवीत ठेवू नका.

अण्णा सध्या रत्नागिरीतच आहे. परवा आमच्या शेजाऱ्याची रिक्षा गेटाशी येऊन थांबली तेव्हा तो पडवीतून ओरडला, "क्लच प्लेट गेली रे तुझी!" रिक्षावाल्याने हसण्यावारी नेलं. काल ती रिक्षा भाट्याच्या पुलावर बंद पडली.